पाठीवरचं मेण

साहेब, तुम्ही ते पालथं करून बघितलं होतं.

बाकी सगळं नाकारा. म्हाताऱ्याचा पाय घसरला म्हणा, हौदाला शेवाळ होतं म्हणा, काळीज आधीपासूनच कमजोर होतं म्हणा. तुमच्या वरच्यांनी ते मान्य करून टाकलेलं आहे आणि त्यांच्या वरच्यांनी त्याच्यावर सही केलेली आहे. पण तुम्ही ते पालथं केलं होतं, आणि हे मी उगाच बोलत नाही.

तुमचं नाव मी लिहिणार नाही. भिते म्हणून नव्हे. नाव लिहिलं की तुम्ही एकटे वाईट ठराल आणि त्या ठाण्यातले बाकीचे सगळे आपापल्या पेन्शनी खात सुखानं बसतील. तुम्ही वाचलंत की तुम्हाला कळेल. तेवढं पुरे.

मोरखिंडीत तुमची जीप आली तेव्हा मी ओट्यावर गहू पाखडत होते. भैरोबाची जत्रा तोंडावर आली होती, आणि देवाचा सोन्याचा टाक देवळातून नाहीसा झाला होता. टाक म्हणजे देवाची नाहीतर घरातल्या गेलेल्या माणसाची मूर्ती ठोकून उठवलेला पत्रा. आमच्याकडं घराघरांत चांदीचे असतात, भैरोबाचा तेवढा सोन्याचा. त्या टाकावाचून पालखी निघत नाही. गावानं तुमच्या ठाण्यावर मोर्चा आणला होता, आणि तुम्ही जत्रेआधी टाक हजर करतो असा शब्द देऊन बसला होता. हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त तो शब्द आमच्या घरात येऊन पुरा होणार आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

तुमच्याबरोबर दोन पोलीस होते आणि देवस्थानच्या पंचांपैकी रंगराव काटकर. तुम्ही सरळ आत शिरलात.

"साहेब, पायताण," नाना म्हणाले.

नाना म्हणजे माझा बाप. रखमाजी कृष्णा फाळके, मराठा पलटणीतला नाईक, ब्रह्मदेशात लढलेला आणि लढाई संपल्यावर पलटणीबरोबर जपानात जाऊन राहिलेला. पोरं त्याला जपान्या नाना म्हणायची. नवऱ्यानं मला टाकल्यावर त्यानं 'ये' एवढंच म्हटलं होतं आणि परत कधी विषय काढला नव्हता.

"चोराच्या देवाला कसलं आलंय सोवळं," तुम्ही म्हणालात, आणि बुटांसकट देव्हाऱ्यापुढं उभे राहिलात.

देव्हाऱ्यात एक पाटी होती. तिच्यावर चांदीचे टाक मेणानं बसवलेले: खंडोबा, भवानी, माझा आजा, एक चुलत आजा. आणि शेवटी एक लांबट, पिवळा, पायताणाच्या तळव्यासारखा तुकडा.

"हाच," रंगराव म्हणाला.

"रंगा," नाना म्हणाले, "लेका, माज्या ह्या हौशीच्या लग्नात ह्याच देव्हाऱ्याम्होरं पंगतीला बसला हुतास. तवा बगितला न्हाईस व्हय?"

"तवा माजं ध्यान ताटात हुतं नाना."

तुमचा एक पोलीस हसला. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. अजून आम्हाला वाटत होतं की हे बोलून मिटेल.

तुम्ही जीपच्या किल्लीनं तो तुकडा उचकटलात. तो मेणासकट निघाला. कुंकवानं लाल झालेल्या मेणाची जाड थापी त्याच्या पाठीला चिकटून आली आणि पाटीवर नुसतं लाकूड उरलं. नानांनी त्या मोकळ्या जागेकडं बघितलं.

"माजी जागा रिकामी केलीसा की साहेब," ते म्हणाले. हसत म्हणाले.

"काय आहे हे?"

"नाणं हाय. जपानचं. कोबान म्हंत्यात."

"नाणं गोल असतं म्हाताऱ्या."

"आपलं आसतंय. त्येंचं ह्ये आसं लांबट."

"यावर राजा कुठाय? छाप कुठाय?"

"राजा नसतुया त्येंच्या नाण्यावर. म्होरली छाप घासून गेली. मागल्या अंगाला हाय. शाबूत आसंल. एवढं मेण काढा, दिसंल."

तुम्ही तुकडा रुमालात गुंडाळलात आणि म्हणालात, "मुद्देमालाला हात लावायचा नसतो."

हे वाक्य ध्यानात ठेवा. तुमचंच आहे.

आता ते नाणं देव्हाऱ्यात कसं गेलं ते सांगते. त्यातच सगळा घोळ आहे. लढाईत नाना बेपत्ता झाल्याची तार घरी आली होती. माझ्या आजीनं वाट बघितली, मग रीतीप्रमाणं मेलेल्या लेकाचा चांदीचा टाक करवून पाटीवर बसवला. आणि एक दिवस लेक बिस्तरा खांद्यावर टाकून दारात उभा. जित्या माणसाचा टाक देव्हाऱ्यात! आजीनं तो टाक त्याच दिवशी नदीत सोडला. पण पाटीवरची जागा रिकामी राहिली ना. आजी म्हणाली, यमाला रिकामी जागा दिसली की तो विचारणार, हितला कुठं गेला? नानांच्या बिस्तऱ्यात तो पिवळा तुकडा होता. आजीनं तो मेण लावून त्या जागी दाबून बसवला. ही रीत तिची स्वतःची. दुसरीकडं कुठं मी ऐकली नाही.

आणि देव्हाऱ्यात गेल्यावर मग काय? दर सणाला चिंच लावून घासायचा, रांगोळीनं उजळायचा, अष्टगंध लावायचं. आधी आजीनं घासला, मग आईनं, मग मी. जपानी माणसानं जे काय त्याच्या तोंडावर ठोकलं होतं ते आम्ही बायकांनी भक्तीनं पुसून टाकलं. उरल्या त्या बारीक आडव्या रेघा, त्याही बोटाला लागतील न लागतील अशा. बघणाऱ्याला वाटावं, मूर्ती झिजून गेलेला टाक आहे. पाठ तेवढी मेणाखाली झाकलेली राहिली.

हे नाणं नानांना मिळालं कसं, तर तिकडं हिवाळ्यात भूकंप झाला आणि पलटणीला ढिगारे उपसायला धाडलं. नाना सांगायचे, "एक म्हातारी वडून काडली. तिचा दाल्ला सुतार हुता. त्येनं कमरंचं फडकं सोडलं आन् ह्ये हातावर ठिवलं. म्या न्हाई म्हनलं. त्यो वाकला त्यो वाकलाच. घ्येतल्याबिगर उठंना. मग घ्येतलं बाबा. त्येची कंबर मोडंल म्हून घ्येतलं." गावात हे सगळ्यांनी ऐकलेलं. हजारदा ऐकलेलं. इतकं ऐकलेलं की ते खरं आहे की नाही याचा कुणी विचारच करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नानांना ठाण्यावर बोलावलंत. मी बरोबर गेले. व्हरांड्यात बाक होता. त्याच्यावर नानांना बसवलं. तुमच्या खोलीचं दार उघडं होतं. बाकावरून तुमचं टेबल दिसायचं आणि टेबलावरून बाक. तुम्ही दिगंबर पोतदाराला बोलावून घेतलं होतं. तालुक्याच्या पेठेतला जुना सोनार. सोबत कसोटीचा काळा दगड आणि तेजाबाची कुपी.

पोतदारानं तुकडा हातात घेतला आणि क्षणभर माझ्याकडं बघितलं. आमच्या पाटीवरचे सगळे टाक त्याच्या बापानं केलेले. आईच्या वेळी पाटीवर मेण त्यानंच नव्यानं भरलं होतं. त्याच्या हातातून गेलेला तुकडा होता तो.

"ओळखता का?" तुम्ही विचारलंत.

"सोनं सगळं सारखंच दिसतं साहेब."

"दिगूअण्णा," मी म्हटलं, "आवो तुमीच तर—"

"तू बाहेर हो," तुम्ही मला म्हणालात. मी उंबऱ्यापर्यंत मागं सरले, बाहेर झाले नाही. तुम्ही पोतदाराकडं वळलात. "चोरीचं सोनं विकत घेणाऱ्या सोनारांची एक यादी करतोय आम्ही. अजून पुरी झालेली नाही."

पोतदारानं मान खाली घातली. त्यानं तुकड्याची कड दगडावर ओढली. रेघ पिवळी धमक उठली. तेजाब लावलं, रेघ टिकली. मग त्याच जागी त्यानं पुन्हा घासलं, जोर देऊन. दुसरी रेघ फिकी. तेजाब लावल्यावर अर्धी उडून गेली.

"वर चोख आहे," तो म्हणाला. "आत हिणकस. चांदी पुष्कळ."

"म्हणजे मुलामा."

"मुलामा... असेल. मुलाम्यासारखं आहे."

"देवस्थानच्या टाकात चांदीची भर होती ना, रंगराव?"

"हुती म्हंत्यात," रंगराव म्हणाला.

"झालं तर."

बाकावरून नाना म्हणाले, "साहेब, टाक पत्र्याचा आसतुया. मागनं पोकळ. ह्ये भरीव हाय. मेण काडा आन् बगा. शिक्का हाय मागं. मदी एक वाटोळा, आन् खाली कोपऱ्यात दोन बारकं. न्हाई निगलं तर मला हितंच गाडा."

तुम्ही तुकडा उजेडात धरलात. मेण तेव्हा त्याच्यावर होतं. मी पाहिलं, पोतदारानं पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. लाल, जाड, दिगूअण्णाच्याच हातानं भरलेलं. "मुद्देमालाला हात लावायचा नसतो," तुम्ही पुन्हा म्हणालात, आणि दगडावर दोनदा घासलेला मुद्देमाल कपाटात ठेवलात. त्याच दुपारी तुम्ही पेपरवाल्याला बोलावून फोटो काढून घेतलात. तुमचा, रंगरावाचा, आणि मध्ये तळहातावर आमचं नाणं.

परत जाताना यष्टीत नाना खिडकीतून बघत होते. मी म्हटलं, "नाना, दिगूअण्णा बोलला न्हाई."

"त्येला पोरंबाळं हायती."

"तुमाला न्हाईत?"

"मला तू हायस. तू काय, वाघीण." मग म्हणाले, "पर आईची जागा रिकामी ऱ्हायली बग. घरी गेल्यावर कायतरी चिकटीव तिथं. शर्टाचं बटान चिकटीव. पर रिकामी ठिवू नगं."

मी म्हटलं, "तुमीबी तसलं मानता?"

"न्हाई गं. पर आईनं बसीवलं हुतं न्हवं."

मी काही चिकटवलं नाही. मी तसलं मानत नव्हते, आणि आजही मानत नाही. माझा बाप पाटीवरची जागा रिकामी झाली म्हणून मेला नाही.

पुढच्या सकाळी तुमचा माणूस पुन्हा आला. पंचांसमोर पुडी लाखबंद करायची आहे, सही पाहिजे. आम्ही पोचलो तेव्हा पेपर आलेला होता. ठाण्यात सगळे वाचत होते. पहिल्या पानावर तुम्ही. 'भैरोबाचा सुवर्ण टाक हस्तगत, माजी सैनिक ताब्यात.' नाना ताब्यात नव्हते तेव्हा. पेपरात आधी झाले, मग झाले.

पुडी शिवून तयार होती. पांढऱ्या मांजरपाटाची, चारही बाजूंनी दोऱ्यानं टाचलेली. पोलीस मेणबत्तीवर लाख धरून एकेका टाक्यावर थेंब पाडत होता. तुम्ही खुर्चीत रेलून आगकाडीनं नखं कोरत होता. नखांत लाल होतं काहीतरी. मला वाटलं, लाखच.

"आत काय हाय त्ये दावा की," नाना म्हणाले. "न बगता सही कशी करू?"

"पंचांनी बघितलंय."

"बगितलं रं रंगा?"

"शिवताना व्हतो मी," रंगराव म्हणाला. "वरनं बगितलं. त्योच हाय."

नानांनी लाखेच्या दोन थेंबांमध्ये जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं सही केली. पलटणीत शिकलेली सही, एकेक अक्षर सुटं, सलामीला उभं राहिल्यासारखं. 'र. कृ. फाळके, नाईक.' मग तुम्ही म्हणालात की त्यांना थोडा वेळ थांबावं लागेल, जबाब व्हायचाय. मला म्हणालात, तू जा, म्हाताऱ्याला संध्याकाळी सोडतो.

"जा," नाना म्हणाले. "म्हशीची धार कोन काडंल?" आणि मी दारात पोचल्यावर हाक मारून म्हणाले, "हौशे, येताना भाकरी आन. हितला च्या लय गुळमाट हाय."

संध्याकाळी तुम्ही सोडलं नाही. सकाळी मी भाकरी घेऊन आले तर बाक मोकळा होता. एका पोलिसानं माझ्याकडं न बघता सांगितलं, हौदावर तोंड धुवायला गेले, पाय घसरला, सरकारी दवाखान्यात नेलंय. दवाखान्यात त्यांच्या अंगावर चादर होती. मी ती खालपर्यंत काढली. हौदात पडलेल्या माणसाचं धोतर कोरडं होतं, साहेब. कोरडं खडखडीत. कानामागं काळं-निळं होतं आणि धोतर कोरडं होतं. मी हे तिथल्या डॉक्टरला ओरडून सांगितलं, तुमच्या वरच्यांना सांगितलं, चौकशीला आलेल्या दुसऱ्या साहेबांना सांगितलं. त्या साहेबांनी विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण किती?" चौथी म्हटल्यावर त्यांनी लिहायचं थांबवलं.

जत्रा झाली. टाक पुडीत, म्हणून पालखी टाकाशिवायच निघाली. तरी गाव नाचलं.

पुढल्या उन्हाळ्यात देवळामागची विहीर आटली. गाळ काढताना खऱ्या टाकाची पत्र्याची डबी वर आली. चोरानं भिऊन टाकली असेल, नाहीतर कुणी आणखी कशासाठी. टाक पातळ होता, मागून पोकळ, त्याच्यावर घोड्यावरचा भैरोबा चांगला ठळक. रंगराव माझ्या दारापुढून जाताना चपला हातात घेऊन जायला लागला, आवाज होऊ नये म्हणून.

कोर्टानं आमचा मुद्देमाल परत करायचा हुकूम दिला. माझ्या हातात तीच पुडी आली. लाख तशीच, टाके तसेच, नानांची जांभळी सही तशीच. मी ती घरी नेली आणि उघडली नाही. उघडून काय करणार होते? देव्हाऱ्यात बसवणार? ती जागा आता नानांच्या खऱ्याच टाकाची झाली होती.

मग बऱ्याच वर्षांनी एक दिवस दिगंबर पोतदार स्वतः आला. ओट्याच्या पायरीवरच बसला, वर आला नाही. म्हणाला, "पुण्याला उकिडवेबाई म्हणून आहेत. नवरा जुनी नाणी जमवायचा, आता तीच बघते. परदेशातली लोकं तिला विचारून नाणं घेतात. तिला दाखव."

"कशाला?"

"मी मुलामा म्हटलं ते मला झोपू देत नाही."

"मग तुमीच जावा."

"हौशे, मी गेलो तर माझी झोप परत येईल. तू गेलीस तर रखमाजीचा शब्द खरा ठरेल. चोरीचा आळ विहिरीनं पुसला, पण त्या नाण्यापायी तुझ्या बापाला सगळ्या तालुक्यानं खोटारडा ठरवून जाळलाय. ते तसंच ठेवायचंय का तुला?"

म्हणून मी गेले.

नलिनीबाई उकिडवे तुळशीबागेच्या मागं दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. बारीक चणीची, करड्या केसांची बाई, डोळ्याला लावायचं भिंग गळ्यात दोरीनं अडकवलेलं. चहा विचारण्याआधी म्हणाल्या, "दाखवा. नंतर बोलू."

मी पुडी टेबलावर ठेवली. "आदी मेण काडावं लागंल बाई. मागं लय मेण हाय."

"काढू की. कोमट पाण्यात सोडलं की निघतं. खरवडायचं मात्र नाही हं, कधीच." त्यांनी पुडी उलटसुलट केली. "ही लाख कुणाची?"

"पोलिसांची."

"एकही टाका तुटलेला नाही. ही सही?"

"माज्या बापाची."

त्यांनी कात्री आणली. सहीला धक्का न लावता दुसऱ्या अंगानं लाख फोडली, दोरा कापला. नाणं मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं, तोंड वर. भिंग लावलं. मग काट्यावर घातलं. "तोळ्याला जरासं कमी. बरोबर." बोटाच्या टोकावर तोललं आणि पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारली, बारीक, लांबत जाणारा आवाज आला. कपाटातून पुस्तक काढलं, पानं उलटली, एका चित्राशेजारी नाणं ठेवलं.

"या आडव्या रेघा दिसतात? चटईसारख्या? आणि इथं वर, इथं खाली, पंख्याच्या आकाराची छाप होती. सगळी गेली नाही अजून, पंख्याची कड आहे. कुणी इतकं घासलं हो हे?"

"आमी. देव म्हून."

त्या भिंगाआडून माझ्याकडं बघत राहिल्या. "सोनारानं कस लावला होता?"

"पैली रेघ चोख आली, दुसरी हिणकस. मुलामा म्हनला."

"मुलामा नव्हे. हे असंच करायचे ते. निम्म्याहून थोडं जास्त सोनं, बाकी चांदी. मग वरून क्षारांचा लेप द्यायचा आणि भाजायचं. वरवरची चांदी निघून जाते, सोनं तेवढं दिसतं. दोन रेघा सारख्या आल्या असत्या तर मी म्हटलं असतं खोटं आहे. तुमच्या सोनारानं स्वतःच्या हातानं ते खरं ठरवलं होतं, त्याला कळलं नाही एवढंच." त्यांनी भिंग पुसलं. "कोबानच आहे हे. दीडशे वर्षांचं तरी. तुमचे वडील खरं बोलत होते."

मी मान हलवली. एवढंच ऐकायला आले होते. आता घरी जायचं, पोतदाराला सांगायचं, रंगरावाच्या दारात उभं राहून ओरडून सांगायचं.

"आता पाठ बघू," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नाणं पालथं केलं.

मेण नव्हतं.

पाठ लख्ख होती. मधोमध वाटोळा शिक्का, वळणदार, काल उठवल्यासारखा. खाली कोपऱ्यात दोन बारके. नानांनी बाकावरून सांगितले होते तसेच, त्याच जागी.

"मेण कुठाय?" मी म्हटलं.

"हे काय, इथं काढलंय ना. चाकूनं. हे बघा ओरखडे, घाईत ओढलेत. खाचेत थोडं राहिलंय लाल." त्यांनी सुईच्या टोकानं कण उचलला, कागदावर ठेवला. "तुम्ही काढलंत?"

"न्हाई."

"मग कधी..." त्यांनी वाक्य सोडलं. टेबलावर लाखेचे तुकडे पडले होते. त्यांनी ते बघितले, मग मांजरपाटाचं फडकं, मग नानांची सही. "पुडी तर मीच आत्ता उघडली," त्या हळू म्हणाल्या. "तुमच्या वडिलांनी सही केली तेव्हा हे असंच आत होतं."

मी त्या कणाकडं बघत होते. कुंकवाचं मेण. मऊ, लाल. आणि मला आगकाडी दिसली, साहेब. तुमची नखं दिसली. लाख तुमचा पोलीस ओतत होता. तुम्ही लाखेला बोट लावलं नव्हतं.

म्हणजे असं. आदल्या दिवशी पोतदारापुढं मेण होतं. सकाळी पुडी शिवली तेव्हा मेण नव्हतं. मधे केव्हातरी मुद्देमालाला हात न लावणाऱ्या तुम्ही चाकू घेऊन बसलात, खरवडलंत आणि शिक्का बघितलात. वाटोळा एक, बारके दोन. म्हाताऱ्यानं सांगितला होता तसा. भरीव नाणं, पत्रा नव्हे, देव नव्हे, भैरोबाचा कुणीच नव्हे. तुम्हाला कळलं. कळायला उकिडवेबाई लागत नाही, डोळे लागतात. पण तोवर पेपर छापून गावात आला होता आणि तुमचा फोटो पहिल्या पानावर होता. मग तुम्ही ते तोंड वर करून पुडीत घातलंत आणि चारही बाजूंनी टाचून घेतलंत.

इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही आळशी होता. मूर्ख होता. पालथं करून बघायचे कष्ट घेतले नाहीत म्हणून माझा बाप गेला, असं मी धरून चालले होते, आणि मूर्खाला माणूस शेवटी सोडून देतो. तुम्ही मूर्ख नव्हता.

नाणं माझ्याकडं आहे. विकलं नाही, देव्हाऱ्यात बसवलं नाही. फडकं आहे, सही आहे, लाखेचे तुकडे आहेत, आणि कागदाच्या घडीत तो लाल कण आहे. उकिडवेबाई आता नाहीत, पोतदार नाही. रंगराव आहे, पण तो वरनंच बघतो. उरलो तुम्ही आणि मी.

मेण कुणी काढलं हे मी विचारत नाही. का काढलं हेही नाही. खात्री करायला काढलंत, ते तुमचं कामच होतं. हौदाचंही आज विचारत नाही. मला एकच सांगा. शिक्का तुम्ही डोळ्यांनी बघितलेला होता, खोलीचं दार उघडं होतं, आणि पुडीवर सही करून माझा बाप त्या बाकावर बसून तुमच्याकडंच बघत होता. भाकरीची वाट बघत होता. 'नाईक, तुमचं खरं आहे, घरी जा,' एवढं म्हणायला तुम्हाला उठावंसुद्धा लागलं नसतं.

का म्हणाला नाहीत?

बोला साहेब. मी बाकावर बसले आहे.